वरच्यांशी भांडण, खालच्यांचे काय?

दिवाळीस जालन्याच्या बाजारपेठेत वह्यांचे पूजन होते. सालभराचे येणे किती, देणे किती, कोणाचे खाते फिटले व कोणाचे बुडाले, याचा विचार त्या सुमारास होतो. आणि गाठीस चार पैसे असतात तेव्हाच मनुष्य हिशेबास निर्धास्तपणे बसतो, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही. गोदावरी नदीचाही असाच एक हिशेब दरसाल दिवाळीच्या आसपास, म्हणजे १५ ऑक्टोबर रोजी, मांडला जातो. त्या दिवशी पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी किती आणि वरच्या नाशिक व नगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील धरणांत किती, हे पाहून वरचे खालच्यांस काही देणे लागतात की नाही हे ठरते. फरक इतकाच की, व्यापारी भरभराटीच्या सालीही आपली वही तितक्याच काळजीने उघडतो. नदीची वही मात्र आम्हांस दुष्काळ पडल्यावाचून आठवत नाही. सन २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, गोदाकाठची शेते पाण्याखाली गेली, आणि ‘आमच्या हक्काचे पाणी’ ही आरोळी एकाएकी थांबली. आमच्या मते ही स्वस्थ बसण्याची वेळ नव्हे. धरण भरलेले असते तेव्हाच वाटणीचे माप पक्के करून घ्यावे. आणि ते माप इतरांस लावण्यापूर्वी आपल्या घरातही लावून पाहावे. पहिली गोष्ट बोलणारे पुष्कळ आहेत. दुसरी कोणी बोलत नाही, म्हणून आज आम्हांस लेखणी उचलणे प्राप्त झाले आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. जायकवाडी धरणाची कोनशिला सन १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बसविली व सन १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्रास अर्पण झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेशहात्तर टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अथवा सुमारे अठ्ठावीसशे कोटी लिटर पाणी. धरणाचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतून पुढे परभणीकडे जातो; उजवा बीड जिल्ह्यातून माजलगावकडे जातो. संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व जालना या दोन्ही शहरांची तहान आणि तेथील कारखानदारी आज बहुतांशी याच धरणावर अवलंबून आहे. परंतु ज्या नद्यांनी हे धरण भरावयाचे, त्या गोदावरी, दारणा, प्रवरा व मुळा यांवर वरच्या अंगास गंगापूर, दारणा, मुकणे, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणांची रांगच उभी आहे. चांगल्या पावसाच्या साली ती रांग भरून पाणी खाली येते. वाईट साली वरची भांडी भरतात आणि खालचे रिकामे राहते.

या तंट्यास तोड म्हणून सन २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाण्याची तूट असेल त्या साली एकाच खोऱ्यातील धरणांमध्ये समन्यायी वाटप व्हावे, हे तत्त्व त्या कायद्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. तथापि तत्त्व कागदावर उतरले म्हणून पाणी कालव्यात उतरत नाही. सन २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा साऱ्या राज्यात सर्वांत अधिक होरपळला. मोसंबीच्या बागा, ज्या उभ्या करण्यास सहा-सात वर्षे लागतात, त्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी तोडून सरपणास घातल्या. शहरात नळास कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येई आणि टँकरच्या पाण्याचा बाजारभाव धान्याच्या भावासारखा रोज बदलत असे. तेव्हा कोठे सरकारास जाग आली. मेंढेगिरी समितीने वाटपाची पद्धत आखून दिली, सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने तिच्या आधारे निर्णय दिला, आणि खरिपात वापरलेले पाणी धरून १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी भरला तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा दंडक ठरला. हे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. एका बाजूस वरचे साखर कारखाने व शेतकरी, दुसऱ्या बाजूस मराठवाडा जनता विकास परिषद. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

इतके झाल्यावर भांडण मिटले असे कोणास वाटेल. सन २०२३ सालचा मासला पाहा. त्या साली पाऊस कमी पडला. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे ८.६ टीएमसी पाणी वरून सोडण्याचा आदेश निघाला. आदेश निघताच वरच्या बाजूस मोर्चे, खालच्या बाजूस रस्ता रोको आणि दोन्ही बाजूंनी न्यायालयाकडे धाव! सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देण्याचे नाकारल्यावर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी निघाले. म्हणजे पुरा महिना गेला. ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीस व पहिल्या पाळीस ज्या महिन्यात पाणी पाहिजे, तोच महिना वकिलांच्या युक्तिवादात आणि मंत्र्यांच्या बैठकांत संपला. शिवाय नदीचे पात्र कोरडे पडल्यावर सोडलेल्या पाण्यातील मोठा भाग वाळू पिते, काही काठावरचे पंप ओढतात. त्यासाठी काठाची वीज तोडावी लागते, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, पोलीस बसवावे लागतात. जे पाणी मागून मिळते, उशिरा मिळते आणि पोलिसांच्या पहाऱ्यात येते, त्यास हक्क म्हणावे की भिक्षा, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता वरच्यांचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. कारण प्रतिपक्षाची बाजू न ऐकता निकाल देणे हा धर्म नव्हे. ते म्हणतात, ‘आमचे कालवे शंभर वर्षांचे आहेत. नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा व गोदावरीचे कालवे इंग्रजी अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभी झाले. दारणा, भंडारदरा ही धरणे जायकवाडीच्या कित्येक वर्षे आधीची. दुष्काळी मुलखास आधार म्हणून जे पाणी मिळाले, त्यावर आमच्या आज्यांनी ऊस लावला, बापांनी सहकारी कारखाने काढले. आता ते पाणी काढून घेणार काय?’ ते असेही म्हणतात की, जायकवाडी हे धरण नव्हे, उथळ परात आहे. तिच्यात ओतलेल्या पाण्यातील मोठा वाटा सूर्यच पिऊन टाकतो. या दोन्ही म्हणण्यांत तथ्यांश आहे, हे आम्ही कबूल करतो. नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराचे कर्ज हे कर्जच आहे आणि कोपरगावच्या शेतकऱ्याची चिंता ही चिंताच आहे. परंतु आधी पोहोचलेल्याने सारी पंगत एकट्याने जेवावी, असा न्याय कोणत्या शास्त्रात आहे? ज्यांनी दुष्काळनिवारणासाठी मिळालेले पाणी बारमाही उसावर खर्चिले, त्यांस जुनेपणाचा हक्क सांगताना मूळ हेतू विसरता येत नाही. आणि धरण उथळ आहे हा दोष त्या शेतकऱ्याचा नव्हे, ज्याने नाथसागरासाठी आपले गाव व काळी जमीन सोडली. ती बुडालेली गावे दोन्हीकडची होती: पैठण-गंगापूरची होती, तशीच शेवगाव-नेवाशाचीही होती.

सन २०२५ साली एक नवी गोष्ट लोकांपुढे आली. वाटपाचा फेरविचार करण्यास नेमलेल्या अभ्यासगटाने ६५ टक्क्यांच्या जागी ५८ टक्के धरावे अशी शिफारस केली. सात टक्क्यांचा फरक बोलताना लहान वाटतो. पण साडेशहात्तर टीएमसीवर सात टक्के म्हणजे पाच टीएमसीहून अधिक पाणी होते, आणि सन २०२३ साली सारा आदेशच ८.६ टीएमसीचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहान आकड्याचे वजन कळते. आकडा शास्त्राने बदलावा लागला तर बदलावा. पाऊसमान बदलते, वापर बदलतो, आणि कोणतेही माप अनादि नाही. आमचे म्हणणे इतकेच की, आकडा बदलण्यापूर्वी त्याची मोजदाद दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांसमोर, उघड्यावर, मराठीत मांडली गेली पाहिजे. तराजू कोणाच्या दुकानात आहे यावरून वजन ठरत असेल तर गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो, हे बाजारपेठेत बसणारांस ठाऊक आहे.

येथवर आम्ही जे लिहिले ते वाचून आमचे जालनेकर वाचक माना डोलावीत असतील. आता त्यांनी थोडे सावरून बसावे.

जायकवाडीचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यात शिरतो, तेव्हा त्याच्या तोंडाशी कोण आहे आणि शेपटाकडे कोण आहे? तोंडाशी अंबड-घनसावंगीच्या शिवारांत उसाचे मळे दिसतात. शेपटाकडील परतूरच्या व त्याहून पुढे परभणीच्या शेतकऱ्यास पाळीचे पाणी कधी येते, कधी येत नाही. चारीचे दार रात्री कोणी उचलले, नळी कोणी फोडून आत बसविली, हे गावात सर्वांस ठाऊक असते. पण त्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. नाशिकच्या उसावर आम्ही बोट दाखवितो, तो ऊस जर अधर्म असेल, तर आमच्या कालव्यावरचा ऊस धर्म कसा? ज्या कायद्याच्या कलम १२ चा आम्ही घोष करतो, त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकांस ठिबक अथवा तुषार सिंचनावाचून कालव्याचे पाणी देऊ नये असेही लिहिले आहे. पहिले कलम आम्हांस तोंडपाठ आहे. दुसरे आमच्यापैकी किती जणांनी वाचले?

दुसरी गोष्ट शेततळ्यांची. जालना शहराजवळील कडवंची गावाने मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मदतीने सन १९९६ नंतर पाणलोटाचे काम केले, बांधबंदिस्ती केली, शेततळी खोदली आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षे पिकविली. हे उदाहरण आम्हांस अभिमानास्पद आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी तळ्यात धरणे हे पुण्यकर्म होय. परंतु सन २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनंतर जिल्ह्यात ठिकठिकाणी वेगळाच प्रकार दिसू लागला. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात पावसाचे पाणी न धरता विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी उपसून भरावयाचे, आणि उन्हाळ्यात आपली बाग वाचवावयाची! जमिनीखालचे पाणी साऱ्या शिवाराचे. ते उपसून एकाच्या तळ्यात साठविले की शेजाऱ्याची विहीर फेब्रुवारीतच आटते. मग तोही अधिक खोल जातो. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याची नळी खाली पोहोचते, ज्याच्यापाशी नाही तो टँकरच्या रांगेत उभा राहतो. नाशिकने जायकवाडीशी जे केले म्हणून आपण ओरडतो, तेच येथे एका बांधावरचा शेतकरी दुसऱ्या बांधावरच्याशी करतो. फक्त ते जमिनीखाली घडते म्हणून दिसत नाही.

तिसरी गोष्ट भोकरदन व जाफराबाद तालुक्यांची. हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यातले. जायकवाडीच्या कालव्याचा थेंबही तेथे पोहोचत नाही. जायकवाडीच्या नावाने जिल्हाभर सभा होतात, त्यांत हे लोक टाळ्या वाजवितात, आणि घरी जाऊन पुन्हा टँकरची वाट पाहतात. चौथी गोष्ट खुद्द आमच्या शहराची. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाने पिढ्यान्‌पिढ्या जालन्यास पाणी पाजले; तो गाळाने भरत असता आम्ही त्याकडे पाहिलेही नाही. पुढे नागरिकांनी व व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून त्यातील गाळ उपसला, ही आमच्या बाजारपेठेची खरी शोभा. परंतु ज्या कुंडलिकेवर तो तलाव आहे, तीच नदी शहरातून जाताना आमचे सांडपाणी घेऊन पुढे दुधनेस मिळते, आणि दुधना परभणीकडे जाते. सेलूजवळच्या निम्न दुधना धरणाखालच्या गावास आमच्याविषयी काय वाटत असेल? आम्ही नाशिकच्या खालचे आहोत हे आम्हांस पक्के ठाऊक आहे. परभणीचे आम्ही वरचे आहोत, हे मात्र आम्हांस कोणी सांगितलेले दिसत नाही.

वरचा आणि खालचा हे शब्द आपल्या देशात केवळ नदीच्या उताराचे कधीच नव्हते. सन १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, समान हक्काचा होता. गावातील पाण्यावर आपला हक्क समान आहे असे म्हणणारा मनुष्य आपल्याहून दुबळ्याचा तोच हक्क मान्य करतो की नाही, यावरच त्याच्या मागणीची खरी परीक्षा होते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सन १९७० नंतरच्या दुष्काळातून जी पाणी पंचायत उभी केली, तिने पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने दिले, भूमिहीनासही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य ठरविला. हे आदर्श आकाशातून पडलेले नाहीत; आपल्याच मुलखातील कोरडवाहू शेतकऱ्यांनी ते आचरून दाखविले.

वरच्यांपाशीही शिकण्याजोगे आहे, हे ऐकून कोणास आश्चर्य वाटेल. नाशिक जिल्ह्यात ओझर येथील शेतकरी वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटास होते. त्यांस पाणी पोहोचत नसे. सन १९९० नंतर त्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, सरकाराकडून पाणी मोजून घेतले, मोजून वाटले, पट्टी वेळेवर भरली, आणि पुढे साऱ्या कालव्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. खानदेशात पांझरा नदीच्या काठी चालत आलेल्या फड पद्धतीत पाणी कमी झाले तर एकाचे पीक वाळवून दुसऱ्याचे जगवीत नसत. सर्वांचेच भिजणारे क्षेत्र आखडून घेत. तोटा वाटून घ्यावा, हे त्या पद्धतीचे सार. सन २००५ सालीच सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग घेणारा कायदाही झाला. आमच्या जिल्ह्यातही कालव्यावर संस्था आहेत. पण त्यांपैकी किती जागत्या व किती केवळ दप्तरात आहेत, हे त्यांच्या सभासदांनीच छातीवर हात ठेवून सांगावे.

येथे कोणी म्हणेल की, ही भांडणे कशास? पश्चिमेकडे समुद्रात जाणाऱ्या नद्यांचे पाणी गोदावरीत वळविले की वरच्यांसही पुरेल व खालच्यांसही पुरेल. ते पाणी येवो. आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु उद्याच्या घागरीने आजची तहान भागत नाही. आणि जे पाणी आज आहे ते वाटण्याची रीत ज्यांस साधली नाही, त्यांच्या हाती उद्या दुप्पट पाणी आले, तर भांडणही दुप्पट होईल. वाटणीची शिस्त ही तुटवड्याची सोय नव्हे; ती शहाण्या समाजाची रोजची सवय असली पाहिजे.

सबब आमच्या सूचना थोडक्या आहेत. सरकाराने १५ ऑक्टोबरचा हिशेब झाला की ठरल्या मापाप्रमाणे पाणी आपोआप सुटेल, त्यास दरसाल नवा आदेश, नवी बैठक व नवा कज्जा लागणार नाही, अशी तजवीज करावी. सर्व धरणांचे साठे व सुटलेले पाणी यांचे आकडे गावोगावच्या चावडीवर नित्य लावावेत. नाशिक-नगर आणि संभाजीनगर-जालना-बीड-परभणी येथील शेतकऱ्यांची एक कायम बैठक असावी. तीत पुढाऱ्यांनी मागे बसावे आणि कालव्याच्या शेपटाकडील माणसांनी पुढे बसावे. जिल्ह्यातील पाणी वापर संस्थांनी पाणी मोजून घ्यावे, मोजून द्यावे, आणि पहिली पाळी शेपटास द्यावी. विहिरी उपसून शेततळी भरण्यास ग्रामसभांनीच आळा घालावा. आणि सन २०२३ साली ज्या आमच्या शहरास महानगरपालिका मिळाली, तिने गळक्या नळांचा व सांडपाण्याचा बंदोबस्त आधी करावा, कारण सांडलेल्या पाण्याचा हिशेब न देता नवे पाणी मागणाऱ्यास कोणता सावकार उधार देईल?

आमच्या व्यापारी मित्रांस शेवटी इतकेच विनवावयाचे आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण तुमच्या वाडवडिलांच्या सचोटीने रूढ झाली. या गावाचे बियाणे देशभर जाते, येथील लोखंड देशभर जाते, येथील मोसंबीस नाव आहे. आणि या प्रत्येकाच्या मुळाशी पाणी आहे. तुम्ही घाणेवाडीचा गाळ काढण्यास पुढे आलात, त्याच हिमतीने या हिशेबातही पुढे या. वरच्यांकडे आपले येणे मागा. ते न्यायाचे आहे आणि ते सोडण्याचे कारण नाही. पण त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर परतूरच्या शेपटाचे, भोकरदनच्या विहिरीचे आणि परभणीच्या नदीचे जे देणे लिहिले आहे, तेही वाचा. ज्याची येण्याची बाजू लिहिलेली आणि देण्याची कोरी, ती वही कोणत्याही न्यायालयात टिकत नाही.